इंटरमिजिएटच्या पुढे

बहुतेक मराठी घरांत चित्रकलेच्या शिक्षणाचा विचार एका वाक्यात सुरू होतो आणि त्याच वाक्यात संपतो : ‘इंटरमिजिएट देऊन टाक, दहावीला मार्क मिळतात.’ मार्क मिळतात हे खरंच आहे. कला संचालनालयाच्या या परीक्षेत ए श्रेणी आली तर ७, बी आली तर ५ आणि सी आली तर ३ गुण दहावीच्या निकालात जमा होतात. तेवढ्यासाठी गिरगाव-दादरच्या शाळांतली मुलं पॅड, पोस्टर कलर आणि पाण्याची वाटी घेऊन परीक्षेला बसतात. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर जाते. एखादाच मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला पुढे हेच करायचंय,’ आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की या रस्त्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. इंजिनिअरिंगचं वेळापत्रक शेजारच्या काकूंनाही पाठ असतं. कलेचं विचारायला चाळीत कुणी नसतं.

विचारायला कुणी नसलं, तरी बघायला पुष्कळ आहे. चर्नी रोडपासून करी रोडपर्यंतचा आणि तिथून दादरपर्यंतचा हा पट्टा गेली दीडशे वर्षं चित्रकार, शिल्पकार, मूर्तिकार, अक्षरकार, नट आणि गवई पोसत आला आहे. त्यांची चरित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर ‘कला की नोकरी’ हा आपला नेहमीचा प्रश्न फारसा कामाचा वाटत नाही. पोटासाठी काही ना काही जवळपास सगळ्यांनीच केलं. ते काम हात चालू ठेवणारं होतं की हात थांबवणारं, यावर मात्र पुढचं बरंच काही ठरलं. कलेतल्या शिक्षणाचं नियोजन म्हणजे माझ्या मते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून शोधत राहणं.

आधी शिक्षणाचा रस्ता बघू. इंटरमिजिएटला लोक समजतात तितकी ती फुकटच्या मार्कांची परीक्षा नाही. समोर ठेवलेल्या वस्तू बघून काढायचं वस्तुचित्र, न बघता प्रसंग उभा करायचं स्मरणचित्र आणि दिलेल्या आकारात नक्षी बसवायचं संकल्पचित्र हा तिचा गाभा आहे. बारावीनंतर बीएफए या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्ष जी प्रवेश परीक्षा घेतो, तिच्यात पुन्हा हेच तीन विषय प्रात्यक्षिकाला असतात आणि चौथा पेपर सामान्यज्ञानाचा असतो. म्हणजे आठवी-नववीतला मुलगा नकळत पुढच्या दाराची तयारी करत असतो. मध्ये दोन-तीन वर्षं हात बंद पडला, तर बारावीनंतर महिनाभराच्या क्लासने तो परत येत नाही. म्हणून दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर टाकू नये, इतकं तरी पालकांनी नक्की करावं. अकरावी-बारावीला शाखा कोणतीही असो, आठवड्यातून तीन वेळा स्केचिंगला बाहेर पडलेला विद्यार्थी परीक्षेच्या हॉलमध्ये लगेच ओळखू येतो.

बीएफएच्या आत पुन्हा फाटे आहेत. रेखा व रंगकला, शिल्पकला, मातकाम म्हणजे सिरॅमिक, टेक्स्टाइल, धातुकाम, अंतर्गत सजावट हे एका बाजूला आणि उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, अक्षररचना, चित्रमांडणी हे दुसऱ्या बाजूला. सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे जे.जे.मध्ये, ‘कमर्शियल आर्ट’चा वेगळा विभाग १९३५ साली निघाला आणि तेव्हापासून ‘पेंटिंगला जाशील तर उपाशी मरशील, अप्लाइडला जा’ हा सल्ला मराठी घरांत कायम झाला. तो अर्धाच बरोबर आहे. का ते पुढे येईलच. ज्यांना शाळेत शिकवायचं आहे त्यांच्यासाठी एटीडी हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. ज्यांचं चित्र आणि तर्क दोन्ही बरं आहे त्यांच्यासाठी डिझाइनचा रस्ता आहे. अहमदाबादची एनआयडी १९६१ची, पवईच्या आयआयटीतलं आयडीसी १९६९चं. आयआयटीच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा द्यावी लागते आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांतच, जास्तीत जास्त दोनदा देता येते. ‘एक वर्ष गॅप घेऊन बघू, मग परत बघू’ ही आपली सवय तिथे चालत नाही. सर ज. जी. कला महाविद्यालय २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा भाग झालं, तेव्हा तिथल्या प्रवेशाची चौकशी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच करावी. दहा वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या दादाच्या आठवणींवर विसंबू नये.

जे.जे.चं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर लांब केसांचे, झोळीवाले चित्रकार येतात. पण ती शाळा चित्रकार घडवायला निघालेलीच नव्हती. सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले ते इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, त्यांना चित्र काढणं आणि नमुने करणं शिकवावं म्हणून. वर्ग १८५७मध्ये सुरू झाले. १८६५ साली जॉन लॉकवूड किपलिंग तिथे शिकवायला आले ते वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावचित्रं त्यांची आहेत. पुढे १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचं स्टेशन उभं राहिलं, तेव्हा त्याच्या दगडातली पानं-फुलं, प्राणी-पक्षी, जाळ्या यांवर जे.जे.चे विद्यार्थी राबत होते. १८९१मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या, त्याही धातू, गालिचे, लाकूड आणि मातीच्या कामाच्या. शहरात इमारती उठत होत्या आणि त्यांना नक्षीचा हात हवा होता. शिक्षण आणि रोजगार यांच्यामध्ये तेव्हा फक्त रस्ता ओलांडण्याइतकं अंतर होतं.

याच शाळेत १८९० साली कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर आले. विद्यार्थी म्हणून आले, शिक्षक झाले आणि १९३०मध्ये काही काळ संचालकपदाची सूत्रं सांभाळणारे पहिले भारतीय ठरून १९३१ला निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ असं आहे. आजच्या भाषेत हे सरकारी नोकरीतलं सुरक्षित आयुष्य झालं. पण नोकरीच्या बाहेर हा माणूस काय काय करत होता ते बघा. ऑटो रॉथफील्ड आणि किंकेड यांच्या पुस्तकांसाठी चित्रं, पोस्टकार्डं, जाहिरातींची आणि पोस्टरांची कामं, संस्थानिकांच्या दरबारांसाठी ऐतिहासिक प्रसंगांची मोठी चित्रं. सकाळी मुलांची रेषा सुधारायची आणि संध्याकाळी आपली. पगाराने घर चाललं, हात दिवसभर कागदावर राहिला. कलाशिक्षकाच्या कायम जागा आता पूर्वीसारख्या सहज निघत नाहीत, हे मान्य. पण शिकवणं हा पराभव आहे, ‘ज्याला जमत नाही तो शिकवतो’, हा समज मात्र धुरंधरांकडे बघून सोडून द्यावा.

दुसरा मोठा आधार छपाईचा होता. गिरगाव म्हणजे छापखान्यांचा, प्रकाशकांचा आणि ब्लॉकमेकर्सचा भाग. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली सुरू झाला तो गिरगावातच. काळ्या शाईची आणि रंगांची गरज इतकी होती की दांडेकरांची कंपनी, जी पुढे कॅम्लिन म्हणून घराघरांत गेली, तीही १९३१ साली इथेच निघाली. मडगावहून आलेले दीनानाथ दलाल जे.जे.तून बाहेर पडले आणि केनेडी ब्रिजजवळ स्टुडिओ थाटून बसले. पुस्तकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, मासिकांतली चित्रं. १९४५ला त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंकच सुरू केला. रघुवीर मुळगावकरही गोव्याचे, त्यांनीही देवादिकांची कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यांवर नाव आणि घर दोन्ही केलं. समीक्षकांनी या दोघांकडे बराच काळ ‘व्यावसायिक’ म्हणून नाक मुरडलं. तरीही त्यांच्या चित्रांनी मराठी माणसाचा डोळा घडवला, आणि ते काम ठरल्या तारखेला, ठरल्या मापात, छपाईच्या मर्यादा ओळखून झालेलं होतं. ही शिस्त कुठल्याही कला महाविद्यालयात पूर्णपणे शिकवली जात नाही.

कमल शेडगे यांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं, ज्यांच्याकडे बघितल्यावर नाटक विनोदी आहे की गंभीर हे वाचायच्या आधी कळायचं, ती बहुतेक त्यांच्या हातची. कला महाविद्यालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात उमेदवारी करत, तिथल्या जाणत्या लोकांच्या शेजारी बसून अक्षर शिकत ते मोठे झाले. मग संगणक आला आणि अक्षरं काढून घेण्याची गरजच बहुतेकांना वाटेनाशी झाली. त्याच सुमारास जे.जे.तून शिकलेले र. कृ. जोशी जाहिरात संस्थेतून आयडीसीत शिकवायला गेले, आणि संगणकावर देवनागरी कशी दिसावी या कामात शिरले. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक त्यांचा. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून सुलेखन हेच पूर्णवेळ काम केलं आणि २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तंत्र बदललं तेव्हा टिकले ते अक्षर जाणणारे. अक्षर काढण्याचं फक्त एक साधन जाणणारे मागे पडले. होर्डिंग रंगवणाऱ्यांचं तेच झालं. मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत ग्रँट रोडच्या बाजूला राहत होते, आणि परळच्या राजकमल कलामंदिरासाठी जी. कांबळे पोस्टरं करत होते, तेव्हा ते पोटाचं काम होतं. या शतकाच्या सुरुवातीला फ्लेक्स आला आणि काही वर्षांत तो हात रस्त्यावरून नाहीसा झाला. आता चित्रं जुळवून देणारी यंत्रं आली आहेत आणि उपयोजित कलेतलं सर्वांत सोपं, सर्वांत जास्त पैसे देणारं काम तीच आधी घेणार आहेत. ‘अप्लाइडला जा म्हणजे सुरक्षित’ हा सल्ला अर्धाच बरोबर असं वर म्हटलं ते याचसाठी.

या सगळ्यात मला स्वतःला सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण वाटतं ते प्रभाकर बरवे यांचं. १९५९ला जे.जे. संपलं. १९६१ला ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. ही केंद्रं हातमाग मंडळाने काढलेली. मुंबईचं केंद्र १९५६चं, आणि ते आहे ऑपेरा हाउसजवळ, मामा परमानंद मार्गावर. तिथे चित्रकारांनी विणकरांसाठी नक्षीचे नवे नमुने करायचे, जुने नमुने उतरवून घ्यायचे, रंगांचे प्रयोग करायचे असं काम असे. पुपुल जयकरांनी मुद्दाम चित्रकारांना तिथे बोलावलं होतं. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास असे पुढे गाजलेले चित्रकार याच केंद्रांतून गेले. बरव्यांची पहिली काही वर्षं बनारसच्या केंद्रात गेली. तंत्रसाधनेतल्या आकृत्यांकडे त्यांचं लक्ष गेलं ते तिथे. मग मुंबई. १९८२पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, त्यांनी ही नोकरी केली. त्या काळात भारतीय चित्रकलेत कुणाशीही न मिळणारी अशी त्यांची भाषा तयार झाली, आणि १९९०मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. मराठीत चित्रकाराने आपल्या विचारप्रक्रियेबद्दल इतकं नेमकं फार थोडं लिहिलं आहे.

ही नोकरी त्यांना का मानवली असेल? एक तर तिथे दिवसभर आकार आणि रंग यांच्याशीच काम होतं, पण ते काम ‘त्यांचं चित्र’ नव्हतं. म्हणून घरी आल्यावर स्वतःच्या चित्रासाठी डोकं ताजं राहायचं. दुसरं, चित्र विकलं गेलं नाही तरी महिन्याचा हिशेब अडत नव्हता, त्यामुळे बाजाराला आवडेल असं काढण्याचा दबाव नव्हता. तिसरं, आजूबाजूला त्याच तोडीचे लोक होते. नोकरी निवडताना हेच तपासायचं असतं : हात कशावर राहील, संध्याकाळी किती शक्ती उरेल, आणि शेजारच्या टेबलावर कोण बसेल. पगार यानंतर. पगार नको असं मी मुळीच म्हणत नाही. नुसता पगार बघून निवडलेली कामं कलाकाराला आतून रिकामी करतात, हे मात्र दिसतं. अरुण कोलटकर जाहिरात संस्थांत व्हिज्युअलायझर होते, त्या क्षेत्रातली मोठी पारितोषिकं त्यांनी वारंवार मिळवली, आणि कविता छापायची घाई त्यांना कधीच नव्हती. ‘जेजुरी’ १९७६ला आलं. हेही त्याच हिशेबातलं.

याच्या अगदी उलट टोकाला वासुदेव गायतोंडे. गिरगावच्या चाळीत वाढलेला, वडिलांचा विरोध पत्करून जे.जे.ला गेलेला, १९४८ला पदविका घेतलेला हा चित्रकार. वर्षाला मोजकीच चित्रं करायची, दिल्लीत एका भाड्याच्या खोलीत राहायचं आणि कुणाला काही समजावून सांगायचं नाही. २००१ला ते गेले. २०१५मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २९.३ कोटी रुपये मिळाले, त्यानंतर आकडा आणखी वर गेला. वर्तमानपत्रात असा मथळा आला की काही पालकांना एकदम चित्रकला ‘स्कोप असलेलं क्षेत्र’ वाटू लागते. त्या पैशातला एकही रुपया गायतोंड्यांनी पाहिला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गायतोंडे हा आदर्श असू शकतो, पण त्याची योजना करता येत नाही.

योजनेविषयी बोलताना दादासाहेब फाळक्यांना टाळता येत नाही, कारण त्यांच्याइतकी फिसकटलेली योजना क्वचित कुणाची असेल. १८८५ला जे.जे., मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेल्यावर तो बंद, पुराणवस्तू खात्यात नोकरी, ती सोडून छापखाना, भागीदारांशी बिनसलं. चाळिशीला आलेल्या या बेकार माणसाने गिरगावातल्या तंबूत येशूचा चित्रपट पाहिला आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली. दादरला सेट लावला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक, छपाई, जादूचे प्रयोग, इतकं सगळं एकाच माणसाने आधी शिकून ठेवलं नसतं तर तो चित्रपट एकट्याच्या डोक्यातून निघाला नसता. व्याख्यानांत ही गोष्ट इथेच संपवतात. त्याच फाळक्यांची अखेरची वर्षं नाशिकला ओढग्रस्तीत गेली, हेही मुलांना सांगायला हवं. कौशल्यं गोळा करावीत, पण हिशेब ठेवणारा कुणी जवळचा असावा.

आता लालबाग-परळकडे वळू. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत या भागाचं नाव येत नाही, पण शिल्पकलेच्या विद्यार्थ्याला इथल्यासारखी प्रत्यक्ष शाळा दुसरीकडे मिळणं कठीण. गणेश गल्लीचं मंडळ १९२८चं, लालबागच्या राजाचं १९३४चं. गिरण्या बंद पडल्या तरी मूर्तींचे कारखाने राहिले. पंधरा-वीस फुटी मूर्ती उभी करायची तर आतला लाकडी सांगाडा, काथ्या आणि प्लास्टर, साचे, तोल, जोडणी, आणि ट्रॉलीवरून अरुंद रस्त्याने ती बाहेर काढायची, हे सगळं गणित हातानेच शिकावं लागतं. प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. साचे काढणारा, फिनिशिंगवाला, स्प्रेवाला, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी करणारा. आखणी बहुधा मुख्य मूर्तिकाराचीच, कारण त्या दोन रेषांवर मूर्तीचा भाव ठरतो. विजय खातूंसारखे मूर्तिकार याच वस्तीतून नावारूपाला आले, लालबागच्या राजाची मूर्ती कांबळी कुटुंबाकडे पिढ्यांपासून आहे. जूनपासून भाद्रपदापर्यंत इथे कामाला हात कमी पडतात, आणि कला महाविद्यालयांतली कितीतरी मुलं या दिवसांत मूर्तीवर आणि देखाव्यांवर काम करून वर्षाचा रंग-कागदाचा खर्च काढतात. नाटकाच्या नेपथ्याला आणि चित्रपटाच्या सेटला लागणारे पुष्कळ हात या देखाव्यांतून तयार होतात. अडचण एवढीच की हा धंदा हंगामी आहे, प्लास्टरच्या मूर्तींच्या विसर्जनावरचे नियम गेली काही वर्षं बदलत आहेत, आणि शाडूची मोठी मूर्ती हे वेगळंच शास्त्र आहे. या कामात जायचं तर उरलेले आठ महिने काय करणार याचं उत्तर आधी हवं.

नाटकाचं शिक्षण या शहरात शाळेत कमी आणि स्पर्धेत जास्त झालं आहे. कॉलेजच्या एकांकिका, आयएनटी, मग २५ जानेवारीच्या रात्री चतुरंगची ‘सवाई’, पुढे राज्य नाट्य स्पर्धा. ही उतरंड मुलांना चांगली माहीत असते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांचा जो मुक्काम केला, तोही शाळेच्या छपराखालीच, आणि त्यामागच्या सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. अमोल पालेकर जे.जे.तले चित्रकार आणि बँक ऑफ इंडियातले कर्मचारी. त्या पिढीला बँक आणि एलआयसी यांनी जगवलं, कारण काम सुटायची वेळ ठरलेली होती आणि तालमीला साडेसहाला दादरला पोचता यायचं. आज बावीस वर्षांच्या मुलाला मिळणाऱ्या नोकरीत सुटायची वेळच नसते, म्हणून ‘आधी नोकरी पकड, नाटक संध्याकाळी कर’ हा वडिलांचा सल्ला त्यांच्या काळी शहाणपणाचा होता, आता तो बहुतेकदा अमलातच येत नाही. नाटकातच राहायचं असेल तर अभिनयाच्या जोडीला प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांतलं एक तरी काम पक्कं शिकून घ्यावं. नटाला ‘नाइट’, म्हणजे मानधन, प्रयोग लागला तरच मिळते. प्रकाश आणि ध्वनी जाणणाऱ्याला नाटक नसलं तरी कार्यक्रम असतात.

संगीताबद्दल थोडक्यात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्यांच्या आहेत आणि त्यापुढे अलंकार. शिकवणी घ्यायची, शाळेत संगीत शिक्षक व्हायचं तर विशारदचा कागद उपयोगी पडतो. गवई मात्र त्याने होत नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ला लाहोरला काढलेलं विद्यालय १९०८मध्ये मुंबईत आलं. गिरगावात त्यांनी उभारलेली इमारत पुढे कर्जापायी गेली, अभ्यासक्रम टिकला. त्यांचेच शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५मध्ये ऑपेरा हाउसजवळ शाळा काढली, आणि तिथे अकरा-बारा वर्षांचा कुमार गंधर्व येऊन राहिला. देवधरांनी त्याला एका घराण्यात बांधलं नाही, सगळीकडचं ऐकू दिलं. गुरूची निवड परीक्षेच्या निवडीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि ती निकालपत्रक बघून करता येत नाही.

पैशाची काही दारं सरकारी आहेत आणि ती माहीत असावीत. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सीसीआरटीची सांस्कृतिक शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ३,६०० रुपये म्हणजे रक्कम किरकोळ, पण निवड होणं हीच शिफारस ठरते. अठरा ते पंचवीस वयोगटासाठी संस्कृती मंत्रालयाची दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, तीही मुख्यतः गुरूकडे पुढचं शिकण्यासाठी. पंचविशीनंतर दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ आणि चाळिशीनंतर २०,००० रुपयांची वरिष्ठ शिष्यवृत्ती. अर्ज भरताना कामाचे चांगले फोटो, तारखा, प्रदर्शनांचे कागद लागतात. म्हणून पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक कामाचा नीट उजेडात फोटो काढून तारखेसह ठेवायची सवय लावावी. मूळ चित्र विकलं जातं, मूर्तीचं विसर्जन होतं, नाटकाचा सेट मोडतो. नंतर दाखवायला फोटोच उरतो. जहांगीर कलादालनाचा अर्जही लवकर टाकावा, कारण १९५२पासून सुरू असलेल्या त्या दालनात नंबर लागेपर्यंत पदवी जुनी होते.

शेवटची गोष्ट कला महाविद्यालयात बहुतेकांच्या कानावर पडत नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. नोकरीबाहेर कुणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा फोटो करून घेतला, तर त्याचाही पहिला हक्क, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. पण मुखपृष्ठाची अक्षररचना, नाटकाचं बोधचिन्ह यांसारखी स्वतंत्रपणे केलेली कामं सहसा तुमचीच राहतात, आणि ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. तोंडी ‘सगळे हक्क आमचे’ याला अर्थ नाही. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. हक्क विकले तरी कामावर आपलं नाव मागण्याचा आणि ते विद्रूप केलं तर तक्रार करण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. अमरनाथ सहगल या शिल्पकाराच्या बाजूने २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हा पहिलं काम मिळेल त्या दिवशी, रक्कम कितीही लहान असो, एक पान लिहून घ्यावं : काम कोणतं, कशासाठी वापरणार, किती वर्षं, कुठे, आणि नाव छापणार की नाही. लालबागच्या मंडळाने देखाव्यासाठी दिलेलं पाच हजारांचं काम असलं तरी.